खुनाची गोष्ट आणि तेरावा दिवस

रहस्यकथांचें व्यसन आम्हांस बडनेऱ्याच्या फलाटावर लागलें. आम्ही अमरावतीस कॉलेजांत होतों आणि बडनेऱ्यास काकांच्या घरीं आमचें वरचेवर येणें-जाणें असे. शाखेची गाडी सुटेपर्यंत बाबूराव अर्नाळकरांची एखादी कादंबरी हातीं असली म्हणजे वेळ कसा जाई तें कळत नसे. या गृहस्थांनीं अशा हजाराहून अधिक लिहिल्या! कथेंत प्रेत पडावें आणि आम्ही खुन्याच्या मागें धांवत सुटावें.

पुढें काका वारले. वाड्यांत सूतक. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं आम्ही माळ्यावर लपून अर्धी राहिलेली गोष्ट पुरी केली. खालीं उतरलों तों काकू ओसरीवर काकांचा पानाचा डबा पुशीत बसल्या होत्या.

“काय वाचत होतास रे?”

आम्ही खालमानेनें सांगितलें.

“मग, कोणीं मारलें?”

आम्ही नांव सांगितलें.

“आणि गेला त्याच्या घरचीं माणसें? त्यांचें काय झालें?”

त्या सबंध पुस्तकांत याचें उत्तर नव्हतें.

महेश एलकुंचवारांचें ‘वाडा चिरेबंदी’ 1985 सालीं विजया मेहतांनीं रंगभूमीवर आणिलें. तें पाहतांना काकूंचा प्रश्न आम्हांस पुन्हां ऐकूं आला. नाटककार यवतमाळ जिल्ह्यांतले. नाटकांतलें देशपांडे घराणें आपल्या वऱ्हाडांतलेंच म्हणावें असें. तात्याजी गेले आहेत. खून नाहीं, खुनी नाहीं. मुंबईचा सुधीर सपत्नीक आला आहे. तेराव्याला गांवजेवण घालावयाचें तर पैसा कोठून आणावा, यावर भावाभावांत शब्दाला शब्द वाढतो. अंगणांत ट्रॅक्टर गंजत पडला आहे. पुढें रंजू घरचे दागिने घेऊन मास्तराबरोबर पळून जाते. रडावयास कोणास सवड नाहीं. जो तो हिशेबांत. प्रेक्षकांत कोणी हंसलें, त्याचा आम्हांस राग आला. कारण काकांच्या तेराव्याचा हिशेब आम्हीच लिहिला होता.

ज्या घरांत खून झाला, तेथें तर या हिशेबांत संशयाची भर पडावयाची. एकमेकांकडे चोरून पाहत तीं माणसें तेरा दिवस कशीं काढीत असतील? गुन्हेगार कोण हें सांगण्याची घाई न करतां तेवढेंच दाखविणारी, सावकाश चालणारी कादंबरी मिळाली तर आम्ही ती आजहि माळ्यावर न लपतां, ओसरीवर बसून वाचूं.

काकूंनीं तो डबा वर्षभर रोज पुसला. त्या स्वतः पान कधींच खात नसत.