पहिला दिवा, दुसरा दिवा

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत वसतिगृह, वाचनालय आणि क्रीडांगण यांच्याविषयी अनेक जण लिहितील. आम्ही चार माजी विद्यार्थी मात्र एका लाकडी पेटीविषयी लिहीत आहोत. तीत दीड व्होल्टचे सेल, टॉर्चचे छोटे बल्ब, होल्डर, वायरचे तुकडे, चिकटपट्टी आणि काही कळा एवढेच साहित्य आहे. महिन्यातील दोन रविवारी ती उघडून आम्ही मुलुंडच्या आपल्या शाळेतील पाचवीच्या मुलामुलींसोबत बसतो. आमच्यापैकी एक वायरमन आहे, एक शिक्षिका, एक रेल्वेत आणि एक बँकेत नोकरीला.

इतके विषय असताना वीजच का निवडली, असे पालक विचारतात. आमच्या तुकडीतील एका मित्राचे वडील ऐन पावसाळ्यात घराच्या ओल्या पत्र्यात उतरलेल्या विजेने गेले. वस्तीने त्याला नशीब म्हटले. नशीब म्हटले की विचार तेथेच थांबतो. पत्र्यात वीज आली कोठून आणि देहातून गेली कोठे, हे कोणी विचारीत नाही. ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारू नये, असे कालाम सुत्त सांगते. विजेच्या बाबतीत ही शिकवण जीव वाचविणारी आहे, असे आम्हांस वाटते.

पहिले काम सोपे असते: एक सेल, एक बल्ब, एक वायर; दिवा लावा. बहुतेक मुले वायरचे एक टोक सेलला, दुसरे बल्बच्या बुडाला लावून वाट पाहतात. दिवा लागत नाही. मग ‘सेल संपलाय’ अशी तक्रार येते. आम्ही काही सांगत नाही. थोड्या वेळाने कोणीतरी बल्बचे बूड सेलच्या वरच्या टोकावर टेकवते आणि वायर सेलच्या तळापासून बल्बच्या धातूच्या कडेला लावते. उजेड पडतो आणि सगळा वर्ग तिकडे धावतो. आता बल्ब निरखायचा. आतील तारेचे, म्हणजे कुंतलाचे, एक टोक बुडाला आणि दुसरे कडेला जोडलेले असते. विजेला जायला वाट लागते, तशी परतायलाही लागते. ही पूर्ण वाट म्हणजे विद्युत परिपथ. घरच्या पंख्याला एकच वायर दिसते, असे मुले म्हणतात. म्हणून आम्ही जुनी वायर सोलून तिच्यातील वेगवेगळ्या तारा दाखवतो.

दुसरे काम आमच्या विशेष आवडीचे. एकाच वाटेवर, एकामागे एक, दोन सारखे बल्ब जोडायचे. कळ दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचे: कोणता अधिक उजळेल? जवळजवळ सगळे ‘पहिला’ लिहितात. कारणही देतात: पहिला वीज खाणार, उरलेली दुसऱ्याला. हे उत्तर मुलांनी पुस्तकातून घेतलेले नसते. घाटकोपर-भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांतून आलेल्या मुलांनी पाणी पाहिलेले असते. खालची घरे भरून घेतात, वरच्यांची पाळी येईतो नळ कोरडा. त्यांचा तर्क अनुभवाचा आहे. म्हणून आम्ही त्याला चूक म्हणत नाही, तपासून पाहा म्हणतो. कळ दाबली की दोन्ही दिवे सारखेच लागतात. मंद, पण सारखे. मुले बल्बांची अदलाबदल करतात, सेल उलटा करतात. दिवे सारखेच राहतात.

सायकलच्या साखळीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. पायडल मारताच सगळ्या कड्या एकदम सरकतात. एकही कडी वाटेत खर्च होत नाही. तारेतील विद्युतधाराही तशीच आहे. खर्च होते ती सेलमधील ऊर्जा. परिपथात पहिला कोणी नसतो आणि शेवटचाही कोणी नसतो. हे ऐकून एका मुलीने विचारले, “मग पाण्याचं असं का करत नाहीत?” विज्ञानाच्या वहीत मावणारा तो प्रश्न नव्हता.

तो प्रश्न नवाही नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेविना उद्योग नाहीत आणि उद्योगांविना दारिद्र्यातून सुटका नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वीज कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न त्यांनी तारांच्या पलीकडे नेला.

तिसऱ्या कामात प्रत्येक बल्बला स्वतःची वाट मिळते. ही समांतर जोडणी. आता दोन्ही दिवे लख्ख लागतात आणि एक काढला तरी दुसरा विझत नाही. घरातील दिवे-पंखे असेच जोडलेले असतात. मात्र प्रत्येक नव्या वाटेबरोबर मुख्य तारेतील धारा वाढते आणि तार तापते. म्हणून फ्यूज किंवा एमसीबी हवी. एका मीटरवर अनेक खोल्या चालतात तेथे वायरचे आवरण का वितळते, हे मग सांगावे लागत नाही. ओल्या पत्र्याचे कोडेही येथेच उलगडते. उघडी तार पत्र्याला लागली की वीज जमिनीकडे जाणारी वाट शोधते आणि स्पर्श करणारा माणूस ती वाट बनतो. अर्थिंगची तार तिला सोपी वाट देते. सेलचा दीड व्होल्ट हातात धरता येतो, घरातील २३० व्होल्ट नाही, हे आम्ही दर वेळी बजावतो.

शाळेजवळून लोकल जातात. गाडीवर तार एकच, मग वीज परतते कशी, असे मुलांनीच विचारले. उत्तर चाकांखाली होते: ती रुळांतून परतते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टवर. आज वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. टपावर चढणाऱ्याचे काय होते, हे कोणी विचारले नाही.

दिवाळीच्या सुटीत मुले घरच्या मीटरपासून दिव्यापर्यंतचा नकाशा काढून आणतात. गेल्या खेपेस काही नकाशांवर लिहिलेले होते: ‘आमच्या घरात अर्थिंग नाही.’ त्या घरांत आमचा वायरमन मित्र जाऊन येतो. घरे पुष्कळ आहेत आणि तो एकटा आहे. हे वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांत ज्यांच्या हाती ही विद्या आहे, त्यांनी कोणत्याही रविवारी यावे. पेटी वाचनालयाच्या कपाटात ठेवलेली असते.