दोघांचे तीन दिवस : लील

बँकेच्या 34 वर्षांच्या नोकरीत माझ्या 11 बदल्या झाल्या. प्रवास पुष्कळ घडला, पण तो ट्रंकांचा, गॅसच्या शेगडीचा आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यांचा. पुढे सम्मेदशिखर, श्रवणबेळगोळ, पालिताणा या यात्रा झाल्या, त्या संघासमवेत, पन्नास-साठ माणसांच्या मेळ्यात. केवळ आम्ही दोघे असे कोठेच गेलो नव्हतो. लग्नाला 38 वर्षे झाल्यावर ही गोष्ट ध्यानात आली, तीही मुलीने बोलून दाखविली म्हणून.

मुलगी अँटवर्पला असते. जावई हिऱ्यांच्या व्यापारात आहेत. त्या शहरात आपल्या समाजाची अनेक कुटुंबे याच व्यवसायानिमित्त स्थिरावली आहेत आणि विलराइक या उपनगरात त्यांनी उभारलेले संगमरवरी जिनालय अनेक वाचकांनी पाहिले असेल. मे महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो असता ती म्हणाली, "बाबा, आईला घेऊन तीन दिवस कुठेतरी जाऊन या. आमच्यापैकी कोणीही सोबत येणार नाही."

स्थळ ठरले लील. आज हे शहर फ्रान्समध्ये असले तरी त्याची घडण फ्लेमिश आहे. शतकानुशतके ते फ्लँडर्सच्या काउंटांच्या, नंतर बर्गंडीच्या ड्यूकांच्या आणि पुढे स्पेनच्या राजांच्या ताब्यात होते. 1667 साली चौदाव्या लुईने वेढा घालून ते जिंकले. बेल्जियमच्या रेल्वेच्या फलकांवर अजूनही त्याचे फ्लेमिश नाव 'रैसल' दिसते. अँटवर्पहून गेंट, कोर्त्रेक या मार्गाने रेल्वेने दोन तासांच्या आसपास पोहोचता येते. बेल्जियमसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तेथेही चालतो; पासपोर्ट मात्र जवळ बाळगावा.

मी सवयीप्रमाणे कागदावर उभे-आडवे रकाने आखले. तीन दिवस, 14 स्थळे, प्रत्येकापुढे वेळ. सौ.नी तो कागद चष्मा लावून वाचला आणि विचारले, "अहो, ही सहल आहे की इन्स्पेक्शन?"

मी जरा ओशाळलो आणि म्हणालो, "बरं, तुला काय पाहायचं आहे?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पटकन सांगता येत नाही. असं कधी कुणी विचारलंच नव्हतं."

ते ऐकून मी कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिने तीन गोष्टी सांगितल्या. दोन्ही वेळचा स्वयंपाक नको. एखादे जुने घर आतून पाहायचे, तेथली माणसे कशी राहत होती ते कळावे म्हणून. आणि एक दुपार काहीही न करता नुसते बसायचे. मग या तीन अटींवर सारा बेत नव्याने बांधला.

प्रथम वार पाहिले. लीलमधील बरीच संग्रहालये मंगळवारी बंद असतात आणि जुन्या बोर्सचे अंगण सोमवारी. म्हणून शुक्रवार ते रविवार निवडला. ऋतूही पाहावा लागतो. तेथे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो; मे महिन्यात मात्र रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी मे निवडला, तर धावपळ होत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तेथे 'ब्रादरी' हा जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. ते दिवस पर्युषणाच्या आसपास येतात आणि गर्दीही अफाट, त्यामुळे तो विचार सोडला.

जेवणाबाबत सावध राहणे आवश्यक आहे. त्या प्रांतात बटाट्याच्या तळलेल्या काड्या सर्रास मिळतात, पण त्या पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात. कंदमुळाचा प्रश्न त्यानंतरचा. वाफल्समध्ये अंडे असते आणि अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट. म्हणून छोटी शेगडी असलेली खोली जुन्या शहरात घेतली. खाकरे, मेथीचे ठेपले आणि मेतकूट मुलीने बांधून दिले. वाझेमच्या बाजारातून फळे आणि टोमॅटो घेतले. हा बाजार रविवारी सकाळी विशेष भरतो. रोज एक वेळ भात मी टाकला. पहिल्या दिवशी तो करपला, पण सौ.नी त्यावर काही अभिप्राय दिला नाही.

जुने घर म्हणून आम्ही ऑस्पिस कोंतेस पाहिले. फ्लँडर्सची काउंटेस जान हिने 1237 साली स्थापन केलेले हे रुग्णालय आता संग्रहालय आहे. तेथील स्वयंपाकघराच्या भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. बाकीची दालने आम्ही वीस मिनिटांत संपविली. त्या स्वयंपाकघरात सौ. अर्धा तास रमली. माझ्या मूळ कागदावर या जागेला एकूण चाळीस मिनिटे दिली होती, आणि स्वयंपाकघराचा त्यात उल्लेखही नव्हता.

नुसते बसण्यासाठी बोर्सचे अंगण निवडले. व्यापारी वाचकांना ही वास्तू मुद्दाम दाखवावीशी वाटते. 'बोर्स' हा शब्दच फ्लँडर्समधला. ब्रूज शहरातील व्हान देर ब्युर्झे नावाच्या कुटुंबाच्या खानावळीपाशी व्यापारी जमत, त्यावरून तो आला, असे मानतात. लीलमध्ये व्यापारी चौकात उघड्यावर, ऊन-पावसात सौदे करीत. त्यांच्यासाठी 1652-53 मध्ये जुलियँ देस्त्रे याने हे व्यापारगृह बांधले. एकाच नमुन्याची 24 घरे चौकोनात उभी, विटांची आणि दगडाची, अंगावर फळाफुलांच्या माळा कोरलेल्या. दुकाने बाहेर रस्त्याकडे तोंड करून, आणि आत कमानींनी वेढलेले सामाईक अंगण. आपल्या पेठांतील वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. दुपारी तेथे जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात आणि काही मंडळी बुद्धिबळ खेळतात.

आम्ही दोन तास बसलो. पुस्तके फ्रेंच, वाचता येण्यासारखी नव्हती. समोर दोन वृद्ध पटावर वाकले होते. मध्येच सौ. म्हणाली, "नागपूरची बदली आली ना, तेव्हा मला शाळेतून कायम झाल्याचं पत्र आलं होतं."

ती शाळेत शिकवीत होती, हे मला माहीत होते. नोकरी हंगामी होती, म्हणून सोडली, अशी माझी समजूत. पत्राची गोष्ट मला ठाऊक नव्हती. "तेव्हा सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"सामान बांधायचं होतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच मला उत्तर सुचेना. बदलीला नकार देता आला नसता, हे खरे. पण मुदत वाढवून मागता आली असती. सहा महिन्यांची मुदत मी इतर सहकाऱ्यांना मिळवून दिली होती. तसे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "माहीत आहे." मग आम्ही तो डाव संपेपर्यंत बसून राहिलो.

व्होबाँने उभारलेला किल्ला राहिला. जनरल द गॉल यांचे जन्मघर राहिले. चालकाविना धावणाऱ्या मेट्रोत, जी तेथे 1983 पासून आहे, एकदा बसलो, एवढेच. 14 पैकी पाच स्थळे पाहून झाली.

ज्या वाचकांची मुले परदेशी आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की नातवंडांसाठी जाल तेव्हा त्यातून तीन दिवस बाजूला काढा. शहर लहान असावे, खोलीत शेगडी असावी आणि कागदावर एक दुपार कोरी असावी. दिवाळीनंतर आम्हा दोघांचे पुन्हा कोठे तरी जायचे ठरत आहे. या वेळी कागद आणि पेन्सिल मी तिच्याकडे दिली आहे.