शेवळांच्या दिवसांत टिटवाळा

जूनच्या पहिल्या आठवड्यातला मंगळवार. ठाण्याला टिटवाळा लोकल पकडली तेव्हा डब्यात दुर्वा आणि जास्वंदीचे हार होते. माझ्या मनात मात्र १९४५ सालचा टिटवाळा होता.

कल्याण सुटल्यावर शहाडला सेंच्युरी रेयॉन लागते. पुढे आंबिवलीजवळ मोहन्याचा एनआरसी कारखाना, २००९ मध्ये बंद पडलेला. युनियन, बोनस, संप हे शब्द या पट्ट्यात घरोघरी रुळले होते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, उंबरगाव-डहाणूच्या रानातल्या वारल्यांपर्यंत ते पोचले त्याची एक वाट या टिटवाळ्यातून जाते.

७ जानेवारी १९४५ ला इथे महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या या सभेला उंबरगाव तालुक्यातले मोजके वारलीही आले होते. झरीचा माह्या धांगडा त्यांच्यातलाच. वारल्यांमध्ये लग्नगडी असत: लग्नापुरतं सावकाराकडून कर्ज काढायचं आणि फिटेपर्यंत नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं. ते फिटत नसे. उरलेल्यांच्या वाट्याला वेठ होतीच.

टिटवाळ्याहून परतलेल्या माणसांनी साडेचार महिन्यांत झरीला परिषद भरवली. २३ मे रोजी ठरलं: वेठ करायची नाही, बारा आण्यांखाली रोज घ्यायचा नाही. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी पाचशे पौंडांना अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्यात लाल बावट्याखाली जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण गेले.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला अमेरिकेत जनरल मोटर्सचे तीन लाखांवर कामगार तीस टक्के पगारवाढीसाठी बाहेर पडले आणि ११३ दिवस बाहेर राहिले. तो लढा मोठाच. पण त्यांच्या पाठीशी युनियन होती, युनियनचा हक्क देणारा १९३५ चा कायदा होता. वारल्यांजवळ काय होतं? मला तरी त्या बारा आण्यांची छाती मोठी वाटते. १९५७ साली याच ठाण्यानं शामरावांना लोकसभेत पाठवलं.

टिटवाळ्याला उतरलो. रिक्षावाले ‘मंदिर, मंदिर’ ओरडत होते. जिन्याखाली एक आदिवासी बाई शेवळांच्या जुड्या आणि काकडं मांडून बसली होती. माझ्यापुढच्या बाईंनी घासाघीस केली. तिनं जुडी उचलून परत पाटीत ठेवली.

“नाय परवडत, ताई.”