दीड इंची टिपणं

१.
सकाळी पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला गिअरच्या सायकली थांबतात. जवळजवळ सगळ्यांना दोन इंची बटणवाले टायर. पाठीवर लॅपटॉप, हँडलला डबा. सिग्नल सुटला की कर्वे रस्त्यावर भुंग्यासारखी घूंऽऽ ऐकू येते. वेताळ टेकडी जवळच आहे, पण यांतलं कुणी तिकडे निघालेलं नसतं.

२.
रविवारी हेच टायर सिंहगडावर जातात. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत रस्ता पक्का आहे.

३.
१९३३ साली अमेरिकेत श्विन कंपनीने २६ × २.१२५ इंचाचा फुगीर टायर बाजारात आणला. त्या सायकलींवरून पोरं शहरात घरोघर पेपर टाकत. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुणांनी त्याच जुन्या सायकली भंगारातून उचलल्या आणि टॅमलपायस डोंगराच्या मातीच्या उतारावरून खाली सोडल्या. माउंटन बाइक तिथून सुरू झाली. म्हणजे जाड टायर आधी गावातला, मग डोंगरातला. बटणं डोंगराने दिली.

४.
दुकानात:
"दादा, सव्वीसचा टायर द्या."
"कुठला सव्वीस?"
दुकानदाराचा प्रश्न अगदी रास्त आहे. २६ × १.७५ हा माउंटन बाइकचा टायर; तो रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर. २६ × १ ३/४ लिहिलेला टायर ५७१ मिलिमीटरचा. २६ × १ ३/८ तर ५९०चा. पावणेदोन दशांशात लिहा की अपूर्णांकात, गणितात फरक पडत नाही, रिमवर पडतो. त्यामुळे इंच सोडा. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक जोडी असते: ५०-५५९, ४७-५५९, ४०-५५९. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रुंदी आपण निवडायची. व्यास सायकलने आधीच ठरवलेला असतो.

५.
साडेसत्तावीसची सायकल: ५८४. एकोणतीसची: ६२२, म्हणजे रेसिंग सायकलच्या ७०० सी चाकाएवढीच. दूधवाल्याची काळी दणकट अठ्ठावीसची: ६३५. एकोणतीस लहान आणि अठ्ठावीस मोठी.

६.
"नक्षी नसेल तर पावसात घसरेल ना?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि याच भीतीपोटी बटणवाला टायर डांबरावर टिकून आहे. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट. वेगात त्याच्याखाली पाण्याचा थर अडकतो आणि गाडी पाण्यावर तरंगते. ते पाणी बाहेर काढायला नक्षी लागते. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, पाणी दोन्ही बाजूंना आपोआप फेकलं जातं. विमानाच्या चाकांसाठी नासाने बसवलेलं एक सूत्र आहे: टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगेल, हे त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. त्यात ४० पीएसआय घातले तर उत्तर ताशी सुमारे १०० किलोमीटर येतं. चांदणी चौकाच्या उतारावरही एवढा वेग सायकलने कुणी गाठत नाही.

आता पकडीचं बघू. मातीत बटण रुततं, म्हणून धरतं. डांबरात ते रुतणार कुठे? तिथे फक्त बटणांची टोकं टेकतात, आणि वळणावर तीही वाकतात. गुळगुळीत टायरचं रबर पूर्ण टेकतं. ओल्या डांबरावर मला गुळगुळीत टायरच जास्त भरवशाचा वाटतो, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

७.
कोणत्याही टायरने घसरायच्या जागा: पहिल्या पावसात वर आलेलं तेल. झेब्रा पट्टे. मेट्रोच्या कामापाशी अंथरलेल्या लोखंडी प्लेटा. चेंबरची झाकणं. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक. स्पॅथोडियाच्या फुलांचा सडा.
ब्रेक त्याच्या आधी मारायचा, त्याच्यावर नाही.

८.
कॉलेजचा मुलगा सव्वा इंची टायर हातात धरून उभा. "काका, बारीक म्हणजे फास्ट ना?"

नाही. दाब सारखा ठेवला तर रुंद टायर कमी लांबीत दबतो आणि उलट हलका फिरतो. बारीक टायर हलका वाटतो, कारण त्यात हवा ठासून भरलेली असते. तशी ती भरावीच लागते, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर रिम आपटते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ती ठासलेली हवा मग प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत पोचवते. वेग येतो तो बटणं गेल्याने आणि टायरचं कापड लवचीक असल्याने. रुंदी त्यानंतर.

आणि बारीक टायर टाळायला पुण्यात एक कारण वेगळंच. पावसाळी जाळीच्या फटी कित्येक ठिकाणी रस्त्याच्या दिशेनेच असतात. सिमेंटचा रस्ता आणि कडेचे ब्लॉक यांच्यामध्येही लांबलचक खाच सुटलेली असते. पुढचं चाक तिथे अडकलं तर माणूस डोक्यावर पडतो.

माझा निकाल: दीड इंच. कॅरिअरवर सामान असेल, वजन जास्त असेल किंवा रोजच्या रस्त्याचं काम चालू असेल तर पावणेदोन. सव्वा नको.

९.
मांडलेला हिशोब. माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो, वेग ताशी २० किलोमीटर. बटणवाल्या टायरचा रोध वजनाच्या १ टक्का धरला तर नुसतं चाक फिरवण्यात सुमारे ५२ वॅट जातात, गुळगुळीत टायरचा ०.६ टक्का धरला तर ३१. ऑफिसला चाललेला माणूस एकूण शंभराच्या आसपास वॅट लावत असतो.
घूंऽऽ आवाज स्वतः फारसं काही खात नाही. खातं ते बटणांचं आणि जाड रबराचं सतत वाकणं.

१०.
बायपासच्या सेवा रस्त्यावर पंक्चर करतो तो बहुतेकदा खिळा नसतो. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या आतल्या पोलादी जाळीचे केसाएवढे तुकडे कडेला पसरतात आणि सायकल नेमकी कडेने जाते. टायर विकत घेताना आत संरक्षक पट्टा आहे का, ते विचारा. श्वाल्बेच्या मॅरेथॉनमध्ये तो तीन मिलिमीटर जाडीचा रबरी असतो. वजन वाढतं, तरी रोजच्या वापराला घ्यावा. आयात केलेली जोडी परवडत नसेल तर लुधियानाच्या राल्सनसारख्या देशी कंपन्यांचे साधे टायरही डांबरावर बटणांपेक्षा बरे चालतात.

११.
पंक्चरवाले काका टबातल्या पाण्यात ट्यूब फिरवता फिरवता: "पंक्चर काढणं सोपं असतं हो. तार टायरमध्येच राहते. उद्या परत माझ्याकडेच याल." मग जुन्या सुती फडक्याचा बोळा टायरच्या आतून फिरवतात. फडकं अडलं की तिथे तार. बोट फिरवत नाहीत.

१२.
दीड इंची टायरला वरच्या हिशोबातल्या, सायकलसह ९५ किलोच्या माणसाने पुढे ५० आणि मागे ५५ ते ६० पीएसआय हवा भरावी. मागे जास्त, कारण भार मागे जास्त. टायरवर छापलेला कमाल आकडा ओलांडायचा नाही. अंगठ्याने दाबून अंदाज घेणारे पुष्कळ भेटतात. अंगठ्याला ३५ आणि ५५ मधला फरक धड कळत नाही. गेज असलेला पंप घरी ठेवणं हा टायरनंतरचा सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

माउंटन बाइकच्या ट्यूबला बहुधा मोटारसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. पण तिथला कॉम्प्रेसर क्षणात जास्त हवा सोडतो. थोडी थोडी भरा.

१३.
जुनी दोन इंची ट्यूब दीड इंची टायरमध्ये कोंबू नये. तिला घडी पडते आणि घडीवर फाटते. ट्यूबच्या डब्यावर रुंदीचा पल्ला छापलेला असतो.

१४.
दोनपैकी चांगला टायर पुढे. मागचा पंक्चर झाला तर सायकल फरफटते, पुढचा गेला तर सुकाणूच जातं. मागचा झिजला की पुढचा मागे आणि नवा पुढे.

१५.
टायर बदलल्यावर ज्या गोष्टी कुणी सांगत नाही: सायकल एखाद सेंटीमीटर खाली येते. त्यामुळे साइड स्टँड लांब पडतो आणि वाऱ्याने सायकल पलीकडे कलंडते. स्टँड खाली-वर होणारा असेल तर एक घर कमी करा. चाकाचा घेर सहाएक सेंटीमीटरने घटतो, मीटरमध्ये नवा आकडा भरा. पूर्वी न मावणारं मडगार्ड आता मावतं. जूनमध्ये ते सगळ्यात महत्त्वाचं.

१६.
डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. जिथे सायकल ट्रॅक आहे, तिथे तो बऱ्याचदा पेव्हर ब्लॉकचा आहे आणि दर फाटकाशी उतरतो-चढतो. दीड इंचाखाली जाऊ नका म्हणतो ते यासाठीही.

१७.
गावाकडे मुरूम आणि चिखलातून रोज जाणाऱ्याने यातलं काही ऐकू नये. त्याला बटणं हवीतच.

१८.
बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली गिअरची सायकल असते. मालकाला विचारलं तर उत्तर एकच: "जड जाते हो." तुमची असेल तर विकायला काढण्याआधी दीड इंची गुळगुळीत टायर टाका, हवा मोजून भरा आणि महिनाभर कामावर न्या. दुकानात जाताना जुन्या टायरवरचा तो मिलिमीटरचा आकडा कागदावर लिहून न्यायला विसरू नका.