सुंता झालेल्यांना काय होते?

मानोरा गावात एचआयव्ही समुपदेशक म्हणून लागले, तोवर सुंता म्हणजे माझ्या लेखी शेजारची जेवणावळ. नवा कुर्ता, गळ्यात हार, भेदरलेलं पोरगं. सुंता करणारा खलिफा त्याला 'वर बघ, सोन्याची चिमणी' म्हणायचा आणि तेवढ्यात वस्तरा चालवायचा.

समुपदेशनाच्या खोलीत हा विषय भलत्याच वाटेनं आला. ट्रकवर क्लीनर असलेला एक तरुण तपासणीसाठी रक्त द्यायला तयार होईना. "ताई, आमची तं लहानपणीच झाली. मले कायचं भेव?"

त्यानं ऐकलेलं अगदीच खोटं नव्हतं. पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या २२९८ पुरुषांचा अभ्यास २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण बरीच कमी निघाली. गरमी-परम्याच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. पुढं दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत पुरुषांची लागण साधारण ६० टक्क्यांनी घटली. अग्रत्वचेच्या आतल्या बाजूला विषाणूला सहज धरता येतील अशा पेशी भरपूर असतात, सुंतेत त्या निघून जातात. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, पण जिथं साथ मोठी आहे त्या देशांसाठी.

त्याला हे सगळं सांगून उपयोग नव्हता. म्हटलं, "दहा जणांना झाला असता तिथं चौघांना होतेच. तू त्या चौघांतला नाहीस कशावरून? आन् तुझ्यापासून बायकोले झाला, तं तुझी सुंता तिले वाचवत नाही." बायकोचं नाव निघताच त्यानं बाही वर केली. निकाल काय आला ते इतरांना सांगायचं नसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यावरच्या एकानं उलटं विचारलं, "मंग मीबी करून घेऊ का?" त्याच्या हातात निरोधची पाकिटं ठेवली.

मला खरी धास्ती वस्तऱ्याची. एकाच दिवशी तीन-चार पोरं, पातं तेच, आणि जखमेवर राख. धर्म म्हणून करता ते करा, पण डॉक्टरकडं किंवा निदान प्रत्येकाला नवं पातं घेऊन, एवढंच मी आयांना सांगायचे. एका आजीला ते पटेना. डॉक्टरकडं नेलं तर खलिफाचा मान कुठं राहिला? शेवटी नातवाचं दवाखान्यात झालं, जखम भरल्यावर घरी जेवण झालं, आणि खलिफाला काही न करताच त्याचा नेग मिळाला. तो खूश होता.