ते पित्त नव्हते

मुलगा डॉक्टर झाला वा मुलगी परिचारिका झाली की आपल्याकडे पेढे वाटले जातात. पुढे त्यांना रात्री झोप लागते का, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. आम्हीही ती कोणाला करू दिली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पीथमपुरात १९८६ साली आम्ही दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. माळव्याच्या काळ्या मातीवर तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. धार-झाबुआकडील आदिवासी बांधव, उत्तरेकडून पोटासाठी आलेले तरुण आणि इंदूर-देवासहून येणारी आपली काही मंडळी, असे आमचे रोगी. पाळीचा भोंगा हेच आमचे घड्याळ.

१९८९ च्या मे महिन्यातील ती रात्र. वीज गेलेली, पहाटेपासून रोगी तपासून आम्ही थकलेलो. दार लावणार तोच तिशीतला एक कामगार आला. छातीत जळजळते म्हणाला. जेवण उशिरा आणि तिखट झाले, हेही त्यानेच सांगितले. आम्ही नाडी पाहिली, पित्ताचे औषध दिले आणि सकाळी येण्यास सांगितले. सकाळी आले ते त्याचे सोबती, त्याच्या निधनाची वार्ता घेऊन.

हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्र आमच्याजवळ नव्हते, हे खरे. परंतु त्याचा सदरा घामाने चिंब होता, हे आम्ही पाहिले होते. उकाडा म्हणून सोडून दिले. त्याच वेळी त्याला महूस किंवा इंदुरास पाठविता आले असते.

तेव्हापासून पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊ लागली. सौभाग्यवतींनी विचारले, "पित्त झाले आहे का?" आम्ही म्हटले, "होय, पित्तच." हे उत्तर पुढे कित्येक वर्षे चालले. अपुऱ्या झोपेचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या कामावर होई. एकदा लहान मुलाच्या औषधाची मात्रा आम्ही दुप्पट लिहिली. औषधविक्रेत्याच्या लक्षात आले म्हणून निभावले. एका चुकीची रुखरुख झोप नेते आणि गेलेली झोप दुसऱ्या चुकीला वाट करून देते, असे हे दुष्टचक्र आहे.

२०२१ साली करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर आमची पुतणी चार दिवस विश्रांतीस आली. ती परिचारिका आहे. एका रात्री तीन वाजता ती ओसरीवर बसलेली दिसली. म्हणाली, "काका, एका आजींनी पाणी मागितले. मी दुसऱ्या खाटेकडे धावले. परत आले तेव्हा त्या गेल्या होत्या. डोळा लागला की त्या पाणी मागतात."

‘यात तुझा काय दोष?’ हे वाक्य आमच्या ओठांवर आले होते. ते खरेही होते. पण त्याने तिचे बोलणे तिथेच थांबले असते. म्हणून आम्ही तिला त्या घामाने भिजलेल्या सदऱ्याची हकिकत सांगितली. बत्तीस वर्षांत प्रथमच. मागे दारात सौभाग्यवती उभ्या होत्या. एवढेच म्हणाल्या, "म्हणजे ते पित्त नव्हते तर!"

अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली, हातून चूक घडलेल्या डॉक्टरला ‘दुसरा बळी’ म्हटले. पहिला अर्थातच रोगी. जिनेव्हा येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत डॉक्टर-परिचारिकांच्या मनातील कामाची रुखरुख आणि निद्रानाश यांचा संबंध दिसून आला. रुखरुख लागण्यास प्रमादच घडावा लागतो असेही नाही. आमच्या पुतणीने कोणता प्रमाद केला होता?

वाचकहो, आपल्या घरी असे कोणी असेल, तर ‘कामाचे कामावर ठेवावे’ हा उपदेश आवरता घ्यावा. निवाडा न करता ऐकावे. झोप फारच उडाली असेल, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास आग्रहाने पाठवावे. डॉक्टर असला तरी त्यालाही डॉक्टर लागतो.

आम्हाला पहाटेची जाग अद्याप अधूनमधून येते. तो कामगार आम्ही विसरलेलो नाही, आणि विसरावे असे वाटतही नाही. मात्र आता सौभाग्यवतींनी विचारले, तर आम्ही पित्ताचे नाव घेत नाही.