रकाना क्रमांक सात

माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचे रकाने तपासण्यात गेलं. ‘‘आजोबा, जागा रिकामी सोडू नका, लागू नसेल तिथे आडवी रेघ मारा,’’ हे वाक्य मी बँकेच्या काउंटरवरून दिवसातून चाळीसदा तरी म्हणतो. अशा माणसाने चिरंजीवांच्या शाळेच्या अर्जापुढे तासभर पेन चावत बसावं, याला दैवगती म्हणतात. (दैव मी मानत नाही, तो भाग वेगळा.)

रकाना क्रमांक सात : धर्म.

‘‘लिहा की नेहमीचा!’’ सौ. म्हणाली. जसा काही चहाच!

बरं, नास्तिक म्हणवून घ्यावं तर तेवढी हिंमत नाही. नास्तिकाला वाद घालावे लागतात. मला साहेबांशी रजेवरूनही घालता येत नाही. देवळात मी जात नाही, पण गणपतीत झांजा कुणाच्या हाती लागू देत नाही. एकादशी पाळत नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीवर माझी अढळ श्रद्धा आहे. आणि सकाळी भीमसेनांची तोडी कानावर आली, की दाढीचा साबण गालावर वाळून जातो. आपल्याहून मोठं काहीतरी अगदी जवळून गेल्यासारखं वाटतं. त्याचा रकाना कोणता?

मूर्तीवाचूनही प्रार्थना होते, असं म्हणत १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसं त्यात होती. आज पुष्कळ मुंबईकरांना ते गिरगावातल्या एका भागाचं नाव म्हणूनच ठाऊक. माझीही गत तीच. मी प्रार्थनेपाशी उतरतो, देवळापर्यंत जात नाही.

मागे एका पेन्शनच्या दिवशी माझी रोकड जुळेना. पाचशे कमी. तूट रोखपालाने खिशातून भरायची, हा आमचा कर्मसिद्धान्त. त्या संध्याकाळी मी चारपाच धर्मांतले देव एकदम आळवले. एवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून एक म्हातारी आत आली आणि तिने पाचशेची नोट पुढे केली.

‘‘येक जास्ती आली व्हती, बाळा.’’

एवढ्यासाठी ती एसटी स्टँडवरून परत आली होती आणि तिची शेवटची गाडी चुकली होती.

‘‘आजी, देवानेच पाठवलं हो तुम्हाला!’’

‘‘द्येव कशाला पाठवतोय? तुज्या पगारातनं कापत्याल म्हून आले.’’

मी तिला स्कूटरवरून गावी पोचवलं. अकरा किलोमीटर. रस्त्यात दिवा नव्हता, वर आभाळभर चांदणं होतं. दोघंही काही बोललो नाही. मी आयुष्यात मनापासून प्रार्थना केली असेल तर ती तेवढे अकरा किलोमीटर. मागणं मात्र काही नव्हतं.

सरकारी अर्जावर धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही, ‘कोणताही धर्म नाही’ असंही लिहिता येईल, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आहे. पण ‘नाही’ लिहायलाही हात धजेना. कारण काहीतरी आहे! शिवाय अर्ज माझा नव्हे, पोराचा.

शेवटी मी आडवी रेघ मारली. शाळेतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. ‘‘लागू नाही?’’

‘‘तसं नाही हो,’’ मी म्हटलं, ‘‘शिल्लक पुढे ओढली आहे. मोठा झाला की तो खातं बघेल.’’